स्टिकरवरचा २ एचपी आणि टाकीतली खरी हवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घणसोली गावात १० बाय १२ चा गाळा भाड्याने घेतलाय, दुचाकी दुरुस्ती आणि पंक्चरचं काम सुरू करायचंय, जोडीला स्कूटरच्या पॅनलचं किरकोळ स्प्रे काम. हत्यारांसाठी ४५ हजार बाजूला काढलेत. ऑनलाइन साडेसात हजारांना २४ लिटर टाकीचा, '२ एचपी' लिहिलेला ऑइल-फ्री (पंपात तेल न घालायचा) कंप्रेसर दिसतोय, आणि तीन हजारांत १०८ नगांचा टूल सेट. हे घ्यावं, की कोणत्या तरी चांगल्या कंपनीचं घ्यावं, आणि ती कंपनी कोणती?

कंपनीचं नाव सांगणं सोपं आहे, पण त्याने तुमचं काम होणार नाही. एकाच नावाखाली आज तीन दर्जाचा माल येतो. उलट बिननावाच्या पेटीतूनही कधी कधी दहा वर्षं टिकणारी वस्तू निघते. खरा प्रश्न वेगळा आहे: ही वस्तू बिघडली तर नुसती बंद पडेल, की जाताना काम, गिऱ्हाईक किंवा बोट घेऊन जाईल? मी वागळे इस्टेटमध्ये हेल्पर म्हणून लागलो, पुढे रबाळे एमआयडीसीत स्वतःचा गाळा केला, त्याला आता बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात स्वस्त मालाचे पैसे मी भरपूर घालवले आणि भरपूर वाचवलेही. या एका प्रश्नाने बरंचसं गणित सुटतं.

आधी कंप्रेसर, कारण तुमचे पैसे तिथेच बुडू शकतात.

सहा वर्षांपूर्वी साइटवर न्यायला हलका हवा म्हणून मी असाच एक ऑइल-फ्री घेतला होता. ५० लिटर टाकी, स्टिकरवर २ एचपी, ७ सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा मिळते ते माप), ८ बार (हवेचा दाब). आणला त्याच दिवशी दोन मापं घेतली. पहिलं, क्लॅम्प मीटर लावून करंट पाहिला: ५.२ अँपिअर. २३० व्होल्टला गुणलं तर १,२०० वॉटच्या आतच. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे घेतलेली सगळी वीज मोटरने फिरण्यात लावली असं धरलं तरी १.६ एचपीच्या वर आकडा जात नाही. आणि कुठलीच मोटर तसं करत नाही, बरीचशी वीज उष्णतेत जाते. खरी ताकद सव्वा एचपी, तीही कौतुकाने.

दुसरं माप जास्त कामाचं आहे आणि त्याला मोबाइलमधल्या स्टॉपवॉचशिवाय काहीही लागत नाही. कंप्रेसर पूर्ण भरून आपोआप बंद होऊ द्यायचा. मग ब्लो गनने हळूहळू हवा सोडत राहायची आणि काटा बघायचा. माझा ५.५ बारला पुन्हा चालू झाला. त्या क्षणी गन सोडली, घड्याळ चालू केलं, ८ बारला खटकन बंद झाला तेव्हा घड्याळ थांबवलं. ९५ सेकंद. आता हिशेब: दाब वाढला २.५ बारने, टाकी ५० लिटर, गुणाकार १२५ लिटर हवा. ती ९५ सेकंदांत, म्हणजे मिनिटाला ७९ लिटर. एका घनफुटात २८.३ लिटर, तेवढ्याने भागलं की सीएफएम: २.८. स्टिकरवर ७ होते.

दुकानदाराने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. स्टिकरवरचा आकडा पिस्टन किती जागा ढकलतो त्याचा असतो. व्हॉल्व्हमधून, रिंगांमधून परत गळणारी आणि डोक्यावरच्या उरलेल्या जागेत अडकणारी हवा त्यात धरलेलीच नसते. दाब वाढेल तशी ही गळती वाढते. म्हणून रिकाम्या टाकीपासून वेळ मोजू नका, सुरुवातीचे दोन-तीन बार फुकटात चढतात आणि आकडा फुगतो. चालू होण्याच्या दाबापासून बंद होण्याच्या दाबापर्यंत मोजा, कारण तुमचं सगळं काम त्याच पट्ट्यात होणार आहे.

आता ही २.८ सीएफएम तुम्हाला पुरेल का? हे कामावर अवलंबून आहे, आणि इथे ठाम उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. स्कूटरचा एक टायर रिकाम्यापासून भरायला १०-१५ लिटर हवा लागते. नुसतं पंक्चरचं दुकान असेल तर २४ लिटरचा छोटा कंप्रेसर आरामात चालेल, मी तोच घ्या म्हणेन. एअर गनने नट सोडवताना ट्रिगर दाबून धरला तर मिनिटाला चारशे-पाचशे लिटर हवा जाते. ऐकायला भयंकर वाटतं, पण नट दोन सेकंदात सुटतो आणि तेवढं टाकीतल्या साठ्यावर निभतं. गोची होते ती स्प्रेमध्ये. साधी छोटी टचअप गनसुद्धा मिनिटाला ८० ते १०० लिटर सलग ओढते, मोठी गन दुप्पट-तिप्पट. म्हणजे ७९ लिटर देणारा कंप्रेसर पॅनल मारताना एक क्षणही थांबणार नाही. ऑइल-फ्रीमध्ये पिस्टनची रिंग टेफ्लॉनची असते, तिला थंड व्हायला उसंत हवी. माझा साइटवर दिवसाला वीसेक मिनिटं चालतो आणि आजही चालतोय. तोच प्रकार शेजारच्या गाळ्यातल्याने स्प्रेला लावला, आठ महिन्यांत हेड गेलं. यंत्र तेच होतं, त्याच्याकडून उसंत नसलेलं काम करून घेतलं गेलं.

त्यामुळे स्प्रे खरंच करायचा असेल तर तुम्हाला पट्ट्यावर चालणारा, तेल घालायचा, बिडाच्या हेडचा कंप्रेसर लागेल. पंप थेट मोटरला जोडलेला असतो तो २,८०० च्या आसपास आरपीएमने फिरतो, पट्ट्याचा पंप ७०० ते १,०००. हळू फिरतो म्हणून कमी तापतो, कमी झिजतो आणि कमी किंचाळतो. घणसोली गावातल्या इमारती एकमेकींना खेटून आहेत. वरच्या मजल्यावरच्या आजी दुपारी झोपणार, आणि तुमचा ऑइल-फ्री ऐन अडीच वाजता ट्रॅक्टरसारखा सुरू होणार. पहिल्या आठवड्यात भांडण होईल. हसू नका, माझ्या ओळखीच्या एकाला याच कारणाने गाळा बदलावा लागला.

पट्ट्याचा १ एचपीचा चांगला पंप प्रामाणिकपणे साडेतीन ते चार सीएफएम देतो. म्हणजे '२ एचपी' लिहिलेल्या त्या चकचकीत यंत्रापेक्षा जास्तच. पंक्चर, सफाई आणि छोट्या गनला तो पुरतो. महाग पडतो, बजेटच्या निम्म्याच्या आसपास जाईल हे गृहीत धरा. त्यात तेल कंप्रेसरचंच घाला. गाडीचं इंजिन ऑइल उरलंय म्हणून ओतू नका. इंजिन ऑइलमधली रसायनं पाण्याला धरून ठेवतात, आणि आपल्याकडे पाणी किती असतं ते आता सांगतो.

हा मुद्दा परदेशी व्हिडिओ बघून कळत नाही. जुलैत ठाण्याच्या खाडीकाठच्या पट्ट्यात हवा ३० अंश तापमानाची आणि पाण्याने ठिबकायच्या बेताची असते. अशा एक घनमीटर हवेत २५ ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात असतं. ती हवा आठ-नऊ पट दाबून कोंबली आणि थंड झाली की त्यातलं तीन-साडेतीन ग्रॅमच वाफ म्हणून राहू शकतं, बाकीचं पाणी होऊन खाली बसतं. ४ सीएफएमचा पंप दिवसभरात मिळून दोन तास चालला तर साधारण १३-१४ घनमीटर हवा आत जाते. म्हणजे पाव लिटरहून जास्त पाणी, रोज. काही टाकीत राहतं, काही पाइपातून पुढे तुमच्या गनमध्ये जातं.

पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या कंट्रोल पॅनलच्या चार दारांना स्प्रेने रंग मारला, संध्याकाळी आरशासारखी दिसत होती. सकाळी बघतो तर सगळीकडे मोहरीएवढ्या पुटकुळ्या. रंगवाल्याला शिव्या घातल्या, थिनर बदललं, परत तेच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी काही न बोलता टाकीखालचा कॉक उघडला. आधी फुस्स, मग दुधाच्या चहासारखं तांबूस पाणी, अर्धी बादली तरी असेल. ते थांबेपर्यंत आम्ही दोघे नुसते बघत उभे. चारही दारं घासून परत मारून दिली, पदरमोड करून.

म्हणून रोज संध्याकाळी ड्रेन कॉक उघडायचा, थोडा दाब शिल्लक असताना, म्हणजे पाणी जोराने निघतं. गनच्या आधी मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर, बसवा, पण कंप्रेसरला चिकटून नाही. तिथे हवा गरम असते, पाणी अजून वाफेतच असतं आणि ट्रॅपला चकवून जातं. सात-आठ मीटर पाइप जाऊ द्या, हवा निवू द्या, मग ट्रॅप. आणि भिंतीवरून लाइन काढायची असेल तर प्लंबरकडचा पीव्हीसी पाइप वापरू नका, कितीही स्वस्त पडला तरी. पाण्याच्या दाबाला तो फक्त फुटतो, हवेच्या दाबाला तडकून त्याचे सुऱ्यांसारखे तुकडे उडतात. अर्ध्याअधिक गॅरेजांत तो लावलेला दिसेल, आणि अजून काही झालं नाही एवढंच त्यांचं समर्थन असेल.

सेकंडहँड घ्यावा का, हा तुमचा पुढचा प्रश्न असेलच. टीटीसी पट्ट्यात (ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक भागात) किंवा वागळेत एखादा गाळा बंद होतो तेव्हा चांगला पट्ट्याचा कंप्रेसर निम्म्या किमतीत मिळतो. पंप जुना असेल तर चालेल, रिंगा आणि व्हॉल्व्ह प्लेट बदलता येतात. टाकी मात्र आतून, तळाशी गंजते आणि बाहेरून नवा रंग मारलेला असतो. तळाला वेल्डिंगचं ठिगळ दिसलं तर तिथूनच परत फिरा. ठिगळ नसलं तरी हायड्रो टेस्ट करून घ्या: टाकी पाण्याने काठोकाठ भरून चालू दाबाच्या दीडपट दाब देतात. पाणीच का? पाणी दबत नाही, त्यामुळे टाकी कच्ची असेल तर नुसती गळते. तीच हवा भरून फुटली तर गाळ्याचं शटर घेऊन जाते. या एका बाबतीत मी कधीही तडजोड केलेली नाही. सेफ्टी व्हॉल्व्हची कडीही महिन्यातून एकदा ओढून बघायची, गंजून चिकटला असेल तर तेव्हाच कळतं.

विजेचं एक. मोटर नुसती गुरगुरते आणि उठत नाही, अशी तक्रार स्वस्त कंप्रेसरबद्दल सतत ऐकू येते. दहापैकी पाच वेळा दोष यंत्राचा नसतो. बोर्डापासून पंधरा मीटर बारीक एक्स्टेन्शन टाकलेलं असतं, सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट मागते, तेवढा त्या वायरीतून येत नाही. कॅपॅसिटर उडतो, मग वाइंडिंग जळतं. कंप्रेसर बोर्डाजवळ ठेवा, जाड तांब्याची वायर घाला, आणि लांबी हवी असेल तर हवेचा पाइप लांब घ्या.

आता १०८ नगांचा सेट. त्यातले बारा-पंधरा नग तुम्ही रोज वापराल: ८, १०, १२, १४, १७ चे पाने आणि गोट्या (सॉकेट). बाकीचे नव्वद डब्याची शोभा. तीन हजार भागिले १०८ केलं की एका नगाला अठ्ठावीस रुपये पडतात, आणि रोज लागणारा १० चा पानाही त्याच अठ्ठावीस रुपयांचा असतो. मऊ लोखंडाची, बारा कोनी गोटी गंजलेल्या नटावर फिरली की ती घसरते, नट गोल होतो आणि तुमची बोटं मडगार्डवर आपटतात. वाचलेल्या दोनशे रुपयांपायी दीड तास गेला, शिवाय गिऱ्हाईक समोर उभं. म्हणून रोजचे पाने सुटे घ्या, क्रोम व्हॅनेडियमचे, आणि गोट्या सहा कोनी. मी स्वतः टपारियाचे पाने वापरतो, नाशिकचा माल, काही पंधरा वर्षांचे आहेत. एअर गनला मात्र चकचकीत क्रोमची गोटी कधी लावू नका. काळ्या, क्रोम मॉलिब्डेनमच्या इम्पॅक्ट गोट्या वेगळ्या मिळतात. चकचकीत गोटी हाताच्या जोराला उत्तम, गनच्या ठोक्यांनी तडकते.

टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) आणि ड्रिल बिट शेजारी ठेवून बघा, मी सुरुवातीला म्हटलं ते इथे स्वच्छ दिसतं. स्वस्त ड्रिल बिट फार तर बोथट होईल, ग्राइंडरवर धार लावा, पुढे चला. स्वस्त टॅप तुटतो, आणि तुटतो तो भोकात, तेही गिऱ्हाइकाच्या इंजिनाच्या अॅल्युमिनियम केसिंगमध्ये. काढायला अर्धा दिवस, नाहीच निघाला तर केसिंग तुमच्या खिशातून. साठ रुपये वाचवायला गेलेलं हे प्रकरण कितीला पडतं ते मला माहीत आहे, आकडा विचारू नका. तर बिट स्वस्त चालेल, टॅप नाही. ब्लो गन, ट्रे, टूल बॉक्स, स्टूल, क्लॅम्प स्वस्त चालतील. टायरच्या हवेचा गेज स्वस्त नको, चुकीचा असला तरी आपल्याला कळत नाही. कार्ब्युरेटरच्या जपानी मापाच्या फुली स्क्रूंना साधा फिलिप्स नीट बसत नाही, डोकं सोलतो. तेवढा एक योग्य स्क्रू ड्रायव्हर शोधून घ्या.

चार इंची ग्राइंडर स्वस्तातला घेतलात तरी माझी हरकत नाही. कार्बन ब्रश झिजतील, फार तर आर्मेचर जळेल, म्हणजे नुसता बंद पडेल. डिस्क मात्र नीट बघून घ्या. मधल्या धातूच्या कडीवर महिना-वर्ष छापलेलं असतं, ती डिस्कची मुदत. रेझिनची डिस्क दमट हवेत कमजोर होत जाते, म्हणून पावसाळ्यात उघड्या शेल्फवर पडलेल्या डिस्क मी वापरत नाही. डिस्कवरचा कमाल आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त हवा. आणि गार्ड काढून लाकडाचं दातेरी पातं लावणारे महाभाग आहेत, तुम्ही त्यात जाऊ नका.

एक वेगळा पर्यायही मनात ठेवा. हवेवरचं हत्यार सोयीचं असतं पण विजेच्या हिशेबात उधळं. कंप्रेसरने खाल्लेल्या विजेपैकी फार तर दहा-पंधरा टक्के हत्याराच्या टोकाला काम म्हणून पोचते. नट सोडवायला बॅटरीवरची इम्पॅक्ट गन घेतलीत तर कंप्रेसरवरचा बराच भार उतरतो. दुचाकीला तिची मधली ताकद पुष्कळ झाली. फक्त बॅटरी पुढच्या वर्षी मिळेल का ते बघून घ्या, कारण तिथे सुटा भाग म्हणजे बॅटरीच.

हे सुट्या भागांचं मी प्रत्येक खरेदीला करतो. वेळ काढून एकदा मस्जिद स्टेशनला उतरा, नागदेवी स्ट्रीटला जा. दुकानात मशीनची किंमत विचारू नका. आधी विचारा, "याचे कार्बन ब्रश द्या", "याचा रिंग सेट आणि व्हॉल्व्ह प्लेट आहे का?" दुकानदाराने मागे हात घालून डबा काढला तर मशीनची किंमत विचारायची. "साहेब, बिघडतच नाही हो" म्हणाला तर चहा पिऊन पुढच्या दुकानात. कंप्रेसर घेताना मोटरचं वाइंडिंग तांब्याचं आहे हे बिलावर लिहून मागा. तोंडी सगळ्यांचंच तांब्याचं असतं, लिहायची वेळ आली की काहींचं पेन सापडत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर पहिले सहा महिने स्प्रे घेतलाच नसता. पंक्चर आणि सर्व्हिसिंगने गल्लीत नाव होऊ दे. त्यासाठी छोटा ऑइल-फ्री चालेल, आणि उरलेल्या पैशांत पाने, गोट्या, टॉर्क रेंच, बरा गेज येईल. स्प्रेला गिऱ्हाईक खरंच येतंय असं दिसलं तर पट्ट्याचा घ्या. छोटा तेव्हा रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांकडे न्यायला कामी येईल. स्प्रे पहिल्या दिवसापासून हवाच असेल, एखादं गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असेल, तर मात्र आधी साडेसात हजार त्या छोट्यात अडकवू नका, थेट पट्ट्याचाच घ्या आणि बाकीची हत्यारं गरजेप्रमाणे एकेक जोडा.

कुठलाही घेतलात तरी परत करायची मुदत संपायच्या आत ती स्टॉपवॉचची चाचणी करा. टाकी किती लिटर, कितीला चालू झाला, कितीला बंद झाला आणि किती सेकंद लागले, हे चार आकडे इथे लिहा. पुढचं गणित मी करून देतो.